वहीतलं ०.३ पुसलं गेलं तेव्हा…

आदरणीय काका,

सादर नमस्कार. "आभार कसले मानतेस?" म्हणालात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पंचवटीतल्या आमच्या रविवारच्या वर्गासाठी मी मराठी शब्दांची एक छोटी प्रोग्रामिंग भाषा केली. तिचा इंटरप्रिटर, म्हणजे तिच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, मीच लिहिलेला. सातवीतल्या एका मुलीने लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगणारी सूचना, लिहिला: ०.१ पासून ०.३ पर्यंत, ०.१ ने वाढव. उत्तर आलं ०.१, ०.२. बस्स! तिच्या वहीत तीन आकडे होते. कॉम्प्युटर कसा चुकेल, म्हणत तिने खोडरबराने ०.३ पुसून टाकलं. माझ्या पोटात कालवलं. बरं, तसाच ०.१ पासून १ पर्यंतचा लूप अगदी बरोबर दहा वेळा फिरत होता, त्यामुळे शोधायचं कुठे तेच कळेना.

त्या रात्री तुमच्याकडे आले. नाशिकच्या सातपूरला सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाईच्या यंत्राचे, मॅक्रो (छोटे प्रोग्राम) लिहिताना तुमचाही शेवटचा कट असाच राहिला होता, हे तुम्ही सांगितलंत. मग लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने ०.१ ची दुप्पट करत गेलात. ०.२, ०.४, ०.८, १.६. एक बाजूला काढला, उरले ०.६. त्याची दुप्पट १.२. पुन्हा एक काढला, आणि उरलं ०.२! पेन्सिलीचं टोक तिथेच टेकवून म्हणालात, "आलो की नाही फिरून?" म्हणजे कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत, जिथे फक्त ० आणि १ असतात, ०.१ संपतच नाही, ५३ बिटांवर (० किंवा १ च्या ५३ घरांवर) तोडावा लागतो. म्हणून तीनदा मिळवला की होतो ०.३०००००००००००००००४. मर्यादा ओलांडली, लूप थांबला.

मी मर्यादेत कणभर भर घालून मोकळी होणार होते. "आणि वाढच तेवढी बारीक असली तर?" एवढंच तुम्ही विचारलंत. मग एखादी फेरी जास्तच व्हायची! काका, खरे आभार या प्रश्नाचे. आता फेऱ्या आधीच मोजते, पूर्णांकात. सुरुवात ते शेवट हे अंतर वाढीने भागते; भागाकार पूर्णांकाला अगदी खेटून असेल तरच तो पूर्णांक धरते, नाहीतर अपूर्णांक सोडून देते. आणि दर फेरीला मिळवत न बसता किंमत सुरुवातीपासून गुणून काढते, म्हणजे चूक साचत नाही.

वहीत ०.३ परत आलंय. आता तिचा प्रश्न आहे, मग ०.५ कसं काय बरोबर चालतं? येत्या रविवारी तुम्हीच या सांगायला. पेन्सिल घेऊन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची