ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरना, मनापासून

नमस्कार सिस्टर,

डॉक्टरांचे आभार मी तिथल्या तिथे मानले होते आणि त्यांनी ते नेहमीच्या गडबडीत हसून घेतले पण. तुमचे मात्र राहून गेले, कारण तुमच्या दाराबाहेर कायम लाईन, माझी पट्टी बांधून होते न होते तोच पुढचा पेशंट आत. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर, म्हणजे ज्यांची पायाची बोटं अशी वाकडी झालीयेत आणि जे ऑपरेशनला घाबरून बसलेत त्यांच्यापर्यंत पण पोचेल.

पायाच्या बोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना गंमत वाटते. "अगं बोटच ना, एवढं काय" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता उत्तर द्यायचंच सोडून दिलंय. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या सांध्यातून वाकून वर आलेलं, त्याच्या माथ्यावर कुरूप, ते दिवसभर बुटाच्या वरच्या बाजूला घासणार, बोटाचं टोक खाली जमिनीवर टेकून तिथे वेगळा घट्टा, आणि तळव्याच्या पुढच्या उशीखाली खडा आल्यासारखं दुखणं, हे सगळं सांभाळत वर्गात उभं राहून शिकवायचं. सिलिकॉनच्या टोप्या झाल्या, पट्ट्या झाल्या, कुरूप कापून घेणं झालं. एके ठिकाणी तर दर वेळी नुसतं कुरूप तासून द्यायचे आणि या परत म्हणायचे, बोटाकडे कुणी बघितलंच नाही. कुरूप परत येणारच ना, खालून हाड वर ढकलतंय आणि वरून बूट दाबतोय, मधल्या मधे कातडी बिचारी जाड होणार नाहीतर काय करणार. हे इतकं साधं मला पहिल्यांदा तुमच्याकडे कळलं.

डॉक्टरांनी उभं राहून एक्सरे काढायला लावला, मग तळव्याला पुढच्या बाजूने खालून अंगठ्याने वर दाबलं आणि बोटं सरळ होतात का ते बघितलं. तिसरं बोट झालं सरळ, दुसरं ढिम्म. ते म्हणाले तिसऱ्याची फक्त खालची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सोडवू, दुसऱ्याचा सांधा कडक झालाय, तिथे हाडाचा तुकडा काढून सांधा जुळवावा लागेल आणि तार घालावी लागेल, आणि गेले पुढच्या खोलीत. मी तिथेच बसून. जुळवणं म्हणजे काय, तार कुठून कुठे, एकाच पायाच्या दोन बोटांना दोन वेगळे न्याय का, काही म्हणजे काही कळलं नव्हतं, आणि विचारायचं कुणाला.

तेव्हा तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून स्टूल ओढून बसलात, हे मी विसरणार नाही. माझ्याच पायावर पेनाने खुणा करून दाखवलंत की अंगठ्यात दोन हाडं असतात आणि बाकीच्या बोटांमध्ये तीन तीन, त्यातल्या पहिल्या आणि मधल्या हाडाच्या सांध्यात माझं बोट अडकलंय. बोट सरळ होत असेल तर नुसत्या कंडरेवर भागतं, सरळ होतच नसेल तर हाडाला हात लावावाच लागतो, म्हणून दोघांना वेगळी ट्रीटमेंट. आणि मग जे सांगितलंत ते कुणीच सांगत नाही. हा सांधा परत कधीच वाकणार नाही. सूज काही महिने राहील, कुणाकुणाला वर्षभर राहते. कधी कधी बोट जमिनीला नीट टेकत नाही, थोडं वर तरंगतं. टोकाला बधिरपणा राहू शकतो, आणि वाकडेपणा थोडाफार परत पण येऊ शकतो. मी म्हटलं, सिस्टर तुम्ही मला ऑपरेशन करा म्हणून सांगताय का करू नका म्हणून, तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "दुखणं कमी होईल, बूट घालता येईल, पण नवीन बोट मिळणार नाही. एवढं चालत असेल तर करा."

मला चाललं.

बोटं छान दिसावीत म्हणून हे ऑपरेशन करू नका असंही तुम्ही शेजारच्या मुलीला सांगत होतात ते मी कान देऊन ऐकलं होतं, तिला दुखत काहीच नव्हतं, फक्त सँडलमध्ये बरं दिसत नाही म्हणून आलेली. तुम्ही तिला परत पाठवलंत. आणि त्या सिगरेटवाल्या काकांना जे झापलंत, की निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, हाड जुळायला वेळ लागतो, आधी ते बंद करा मग बोलू, ते तर बाहेरच्या सगळ्या लाईनीला ऐकू गेलं. माझी पण आधी शुगर बघितली, पायातली नाडी बघितली, पायाला रक्त नीट पोचत नसेल तर एवढ्या लहान बोटावरची जखम सुद्धा भरत नाही म्हणून.

ऑपरेशनचं काही विशेष सांगण्यासारखं नाही. घोट्याजवळ इंजेक्शनं देऊन फक्त पाऊल बधिर केलं होतं, मी जागीच होते, पडद्यापलीकडे काहीतरी करकर ऐकू येत होतं आणि मी छताकडे बघत होते, बास. खरी गोष्ट त्याच्या नंतरची आहे.

मला बाहेर आणल्यावर सगळे आनंदात, झालं एकदाचं म्हणून, आणि तुम्ही येऊन आधी पट्टीतून डोकावणारं बोटाचं टोक बघितलंत. नखाच्या पुढे बोटाने दाबलंत, सोडलंत, बघत राहिलात. परत दाबलंत. टोक पांढरंच. बाजूच्या बोटाला दाबलं तर सोडल्या सोडल्या गुलाबी होत होतं आणि हे आपलं मेणासारखं. तुम्ही चेहऱ्यावर काही दाखवलं नाहीत, पण उशीवर ठेवलेला माझा पाय खाली घेतलात, पट्टी वरून कापून सैल केलीत आणि जाणाऱ्या वॉर्डबॉयला डॉक्टरांना बोलवायला सांगितलंत. मग मला शांतपणे सांगितलंत की इतकी वर्षं वाकलेलं बोट एकदम सरळ केलं की आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, आवळून बसतात, बहुतेक वेळा थोड्या वेळाने सोडतात, नाही सोडल्या तर डॉक्टर तार जरा वाकवतील नाहीतर काढून टाकतील, बोट महत्त्वाचं, तार नाही. डॉक्टर आले तोपर्यंत टोकाला जांभळट मग लालसर रंग यायला लागला होता. त्यांनी बघितलं, मान हलवली, तार तशीच ठेवली. माझ्या नवऱ्याला तर अजून वाटतं तुम्ही फक्त पट्टी सैल करायला आला होतात. दुसऱ्या कुणी सकाळच्या राऊंडपर्यंत बघितलं नसतं तर काय झालं असतं याचा मी विचारच करत नाही.

घरी जाताना तुम्ही दिलेल्या सूचना मी कपाटाच्या दारावर चिकटवल्या होत्या. सगळ्यात उपयोगी पडली ती पहिली, भूल उतरायची वाट बघू नका, बोटात मुंग्या यायला लागल्या की लगेच लिहून दिलेली गोळी घ्या. घेतली म्हणून पहिली रात्र निभावली, तरी ठणका होताच, खोटं कशाला बोलू. दुसरी म्हणजे पाय वर म्हणजे खरंच वर, छातीच्या वर, स्टुलावर ठेवून टीव्ही बघणं म्हणजे पाय वर नव्हे. हे घरातल्या प्रत्येकाला समजावता समजावता माझा जीव गेला, कारण पाय जरा खाली सोडला की दोन मिनिटांत बोटात धाडधाड ठोके. आणि ते पलंगाच्या पायथ्याशी रिकामं खोकं उलटं ठेवून त्यावर पांघरूण टाकायचं, म्हणजे तारेचं बाहेर आलेलं टोक पांघरुणात अडकत नाही, हे तर मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तार बोटाच्या टोकातून थोडी बाहेरच असते, टोक वाकवून त्यावर टोपी लावतात. बघायला भयंकर, पण दुखत नाही. नातेवाईक भेटायला यायचे ते तार बघून मागे सरकायचे, त्यामुळे मुक्काम लवकर आटपायचे, हा एक फायदाच म्हणायचा.

चालायचं ते त्या कडक तळव्याच्या बुटात, टाचेवर भार टाकून, आणि ते पण बाथरूमपुरतंच सुरुवातीला. एक पाय उंच एक पाय बुटका असं होऊन कंबर धरली, तर तुम्ही फोनवर सांगितलंत दुसऱ्या पायात जाड तळव्याचा बूट घाला, झालं काम. घोटा वरखाली करत राहा, पोटरीत दुखलं किंवा सुजली तर वाट न बघता या, तारेभोवती लाल झालं, पू आला, ताप आला तर या, पाणी लागू देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी बांधून खुर्चीवर बसून आंघोळ करायचा मला आता इतका कंटाळा आलाय की त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

साधारण दोन आठवड्यांनी टाके काढले ते कळलं पण नाही. तारेची मात्र मी धास्ती घेतली होती, ती चार ते सहा आठवडे ठेवतात आणि मी रोज रात्री झोपताना ती काढायचाच विचार करायची. भूल न देता काढणार म्हटल्यावर तर संपलंच. नंतर वाचलं की मार्टिन किर्शनर नावाच्या जर्मन सर्जनने १९०९ मध्ये ही तार आणली, म्हणून के-वायर म्हणतात, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ लोकं ही काढून घेतायत आणि जिवंत आहेत, पण तेव्हा हे माहीत नव्हतं. तुम्ही मला आडवं केलंत, मोठा श्वास घ्या म्हणालात, आणि मी श्वास सोडतेय तोवर हातातल्या पकडीने थोडं फिरवून तार बाहेर. दुखलं नाही, आतून काहीतरी सरकल्यासारखं विचित्र वाटलं, अंगावर काटा आला, आणि एक थेंब रक्त. मी विचारलं काढताय कधी, तर तुम्ही तार ट्रेमध्ये ठेवून कापूस दाबत होतात.

त्यानंतर लोकांना वाटतं झालं, संपलं. इथूनच तर कंटाळवाणा भाग. बोट जाडजूड, लाल, शेजारच्या बोटापेक्षा दुप्पट. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी पळत आले असते की काहीतरी बिघडलंय. तुम्ही पट्टी खालच्या बाजूला ओढून बांधायला शिकवलंत, म्हणजे बोट वर तरंगत राहू नये, आणि व्यायाम दाखवताना माझा हात धरून नेमका सांधा दाखवलात. मुळाशी वाकवा, मधे नाही, मधला आता जुळलाय त्याला त्रास देऊ नका. मी घरी जाऊन हेच नवऱ्याला दाखवलं तर तो मधलाच सांधा वाकवायला निघाला होता, त्याचा हात झटकला मी.

सूज अजून पूर्ण गेलेली नाही. संध्याकाळी बोट फुगतं, टोक थोडं बधिर आहे, आणि जमिनीला टेकतं पण घट्ट पकडत नाही. पण वरचं कुरूप गेलंय, स्वतःहून, कुणी न तासता. वर्ग संपेपर्यंत उभी राहते आणि घरी येऊन पहिल्यांदा बूट भिरकावून देत नाही. बूट घ्यायची तुमची युक्ती पण वापरली, संध्याकाळी पाय सुजलेला असताना कागदावर उभं राहून पायाची रेघ मारायची आणि त्यावर बूट ठेवायचा, रेघ बाहेर दिसली तर तो बूट आपला नाही. घरातले निम्मे बूट या परीक्षेत नापास झाले सिस्टर, माझेच नाही, सगळ्यांचे.

लोक विचारतात परत करशील का, म्हणजे दुसऱ्या पायाचं. त्या पायाचं बोट अजून हाताने सरळ होतं, त्यामुळे तूर्तास रुंद पंजाचा बूट, पट्टी आणि तुम्ही सांगितलेलं ताणणं चालू आहे. कडक व्हायला लागलं तर बघू. आता मला कशाला काय म्हणतात आणि कधी काय होणार ते माहीत आहे, आणि ते तुमच्यामुळे माहीत आहे. तुमच्या कामात हे कुठे लिहिलेलं नसणार की पेशंटशेजारी बसून त्याला वाईट बातमी पण आधीच द्यावी. तुम्ही दिलीत, म्हणून नंतर जे जे झालं त्यातल्या कशानेच मी हादरले नाही, त्या पांढऱ्या बोटाने सुद्धा नाही, कारण तेव्हा तुम्ही समोर होतात. खूप खूप धन्यवाद.

आणि हो, माझ्या मावसबहिणीला पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवतेय. तिचा अंगठा पण आत वळलाय आणि तो शेजारच्या बोटाला ढकलतोय, त्यामुळे नुसतं बोट सरळ करून चालणार नाही असं मी तिला तुमच्या थाटात सांगून टाकलंय. ती प्रश्न फार विचारते. आधीच सॉरी.

तुमची,
दुसऱ्या बोटाची पेशंट