‘हलकं करून दिलंय’, पण वगळलं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जो तो ‘जुना संगणक टाकू नका, विंडोजऐवजी लिनक्स घाला’ असं सांगू लागला. सल्ला चांगलाच आहे. नारायण पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेतले संगणकही आम्ही एका दुकानदाराकडून डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) करून घेतले. देताना तो म्हणाला, “काका, फालतू काही ठेवलं नाही, एकदम हलकं करून दिलंय.” हलके झाले खरे, पण वायफायवरचा प्रिंटर काही केल्या दिसेना. स्पर्धा परीक्षेची मुलं हॉलतिकिटासाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळायची. (त्याचं मात्र भलं झालं.)

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजसोबत (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाठोड्यासोबत) त्याच्या सोबती पॅकेजांची नावं तीन गटांत दिलेली असतात. ‘डिपेंड्स’मधलं नसेल तर गाडी अडतेच. ‘रेकमेंड्स’मधलं सहसा लागतंच. ‘सजेस्ट्स’ ज्याच्या त्याच्या हौसेवर. पॅकेजं बसवणारं डेबियनचं साधन ‘एपीटी’ पहिले दोन गट आपणहून घेतं. आमच्या दुकानदाराने ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय लावून मधला गट सरसकट उडवला. छपाईचं ‘कप्स’ आलं, पण नेटवर्कवरचे प्रिंटर हुडकणारं ‘अवाही-डीमन’ हे ‘कप्स’च्या रेकमेंड्समध्ये, ते राहिलं. ‘अवाही’च्या स्वतःच्या रेकमेंड्समध्ये नेटवर्कवरच्या यंत्रांची नावं ओळखणारं ‘लिबएनएसएस-एमडीएनएस’, त्याचीही तीच गत. दोन्ही घातल्यावर प्रिंटर लगेच यादीत आला.

जागा वाचवण्याला माझा विरोध नाही. छोट्या डिस्कवर किंवा सर्व्हरवर हा पर्याय जरूर वापरावा. पण काय सोडतोय ते बघून सोडावं. आर्च लिनक्स या दुसऱ्या प्रकारातलं ‘एपीटी’सारखंच साधन ‘पॅकमन’ ऐच्छिक पॅकेजं आपोआप घेत नाही, पण त्यांची यादी दाखवतं आणि बहुधा कोणतं कशासाठी लागेल तेही पुढे लिहिलेलं असतं. ‘एपीटी’त कारण मिळत नाही, नुसती नावं मिळतात. तेवढंही कोणी वाचत नाही, होकाराचं ‘वाय’ दाबून मोकळे!

तेव्हा दुकानदारांना एकच विनंती. रेकमेंड्स वगळता तेव्हा वगळलेल्यांची नावं पडद्यावर येतात. त्याचा मोबाइलवर फोटो काढून बिलासोबत गिऱ्हाइकाला पाठवायला कितीसा वेळ लागतो?

– एक अभ्यासिकाचालक, नारायण पेठ, पुणे