वकिलाकडे केव्हा जावे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या घरमालकांनी अनामत रकमेपोटी दिलेला धनादेश न वटता परत आल्याचे तू सांगितलेस आणि त्याच दमात "एवढ्यासाठी वकील कशाला, देतील ते महिन्याभरात" असेही म्हणालीस. पैसे ते देतीलही, परंतु धनादेश न वटल्याच्या गुन्ह्याबद्दलची जी केस लोक १३८ ची केस म्हणून ओळखतात, तिच्या मुदती भिडेखातर थांबत नाहीत. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत रक्कम मागणारी लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते. नोटीस वकिलानेच लिहावी असे बंधन नाही. तरीही ती वकिलाकडूनच लिहून घे, कारण धनादेशावरील रकमेची मागणी नोटिशीत नेमकी नसेल तर तेवढ्यावरून प्रकरण निकालात निघू शकते. पहिली मुदत हुकली आणि धनादेशाची ३ महिन्यांची वैधता उरलेली असली, तर तो पुन्हा बँकेत भरता येतो. पण त्या भरवशावर बसू नकोस.

नव्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स करारासाठी मात्र वकिलाची गरज नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, हे ध्यानात ठेव. अनामत किती दिवसांत व कशी परत मिळणार आणि रंगरंगोटीचा खर्च कोणाचा, ही कलमे स्वतः वाच. नादुरुस्त वॉशिंग मशीनची तक्रारही तू स्वतः जिल्हा ग्राहक आयोगाकडे करू शकतेस. त्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

आता गावाकडच्या निरोपाविषयी. तुझ्या बाबांच्या पश्चात वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आपली दोघींची नावे लागली आहेत, आणि धाकट्या काकांनी "फक्त एका सहीचे काम आहे" असे कळवले आहे. ते काम हक्कसोडपत्राचे, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा लिहून सोडून देण्याचे आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करताना मी असे दस्त रोज पाहिले. माहेरवाशीण सकाळच्या एस.टी.ने येते, भाऊ बोट ठेवील तिथे पानामागून पान सह्या करते, यंत्रावर अंगठा ठेवते, कॅमेऱ्याकडे पाहते आणि साहेबांनी "हा दस्त तुम्हीच करून दिलात ना?" असे विचारले की "हो" म्हणते. ते व्यवहार तिच्या हिताचे आहेत की नाहीत हे पाहणे निबंधकांचे काम नसते. पुढे फसवणूक झाल्याचे म्हणायचे असेल तर दिवाणी न्यायालयात जाऊन ती सिद्ध करावी लागते, आणि तोवर फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, मंजूर होऊन आपले नाव उतरलेले असते. (भावजींनी ती जमीन कसून राखली आहे, हे मी विसरलेले नाही. हिस्सा द्यायचा असेल तर आपण देऊही, परंतु काय देतो आहोत हे समजून.) म्हणून मसुदा आधी मागवून घे आणि आपल्या वकिलाला दाखव. तो मसुदा करणारे वकील कितीही ओळखीचे असले तरी ते काकांचे वकील आहेत.

फीची चिंता करू नकोस. पहिल्या भेटीतच ती किती आणि कोणकोणत्या कामाची हे विचारावे, त्यात संकोच कसला? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळू शकतो; जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्या प्राधिकरणाचे कार्यालय असते. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नकोस, झेरॉक्स दे. वकीलपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार वकिलाला देणाऱ्या कागदावर, सही करण्यापूर्वी ते वाच.

धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो, धनादेश आणि जुन्या कराराची प्रत एका फाइलमध्ये लाव. मेमो तुझ्या हाती कोणत्या दिवशी आला ते मला आजच कळव, म्हणजे नोटिशीची तारीख मोजता येईल. काकांना मी फोन करून मसुदा मागते. तू तोवर त्यांना काही कबूल करू नकोस.

तुझी,
आई