मंग माले काय भेटनं?

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, करोडो कमावणारे खेळाडू पगारासाठी मॅच सोडून जातात म्हणजे नुसता माज आहे, असं. मला ते पटलं नाही. पण ते का चिडलेत हे बरोबर कळतं, कारण आमच्या घरात ह्याच विषयावरून एक जुनी ठसठस आहे.

आमचे नाना १९८३ साली अहमदाबादला मिलमध्ये होते. त्या नोव्हेंबरात मोटेऱ्याच्या कोऱ्या करकरीत स्टेडियमवर पहिलीच टेस्ट होती, समोर वेस्ट इंडीज. नानांनी मिलला खाडा करून कपिल देवच्या ८३ रनात ९ विकेट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. तरी आपण १३८ रननी हरलो, ते नाना कधी सांगत नाहीत, आम्हाला फार उशिरा कळलं.

तर २०१४ ला वेस्ट इंडीज येणार, शेवटची टेस्ट अहमदाबादलाच आणि तीही नोव्हेंबरच्या मध्यातच, मग काय, नाना म्हणाले ह्या खेपेला मी येतोच. चौघांचं नवजीवन एक्सप्रेसचं रिझर्वेशन केलं, दिवाळी झाली की कापसाचं बघायचं आणि निघायचं, कळण्याची भाकरी किती दिवस टिकेल आणि ठेचा किती लागेल ह्याचा हिशोब नानींनी आधीच लावून ठेवला होता.

आणि १७ ऑक्टोबरला धर्मशालाच्या वनडेत टॉसला बघतो तर त्यांचा कॅप्टन ब्राव्हो एकटा नाही, अख्खी टीम घेऊन मैदानात उभा! ती मॅच खेळले आणि बॅगा भरून घरी. कोलकात्याची वनडे, कटकची टी-ट्वेंटी, हैदराबाद बंगळुरू अहमदाबादच्या तिन्ही टेस्ट, सगळं एका फटक्यात कॅन्सल.

भांडण नेमकं काय होतं ते त्यावेळी फार कमी लोकांनी नीट वाचलं. वेस्ट इंडीजच्या बोर्डाने खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार केला, त्यात मोठ्या खेळाडूंना मिळणाऱ्या पैशातला वाटा डोमेस्टिक खेळणाऱ्या पोरांच्या पगाराकडे वळवायचा होता. ऐकायला काही वाईट नाही. पण ह्या खेळाडूंचं म्हणणं असं की आम्हाला न विचारता आमच्याच युनियनने सही केली. मी तर ब्राव्होच्या नावाने शिव्या घालत होतो, नाना मात्र गप्प. मग म्हणाले, कामगाराला न विचारता मॅनेजमेंट आणि युनियन आपसात मिटवून मोकळे होतात हे मी मिलमध्ये बघितलंय, त्या पोराला कशाला बोलतोस. विषय संपला.

पण पुढे पेपरात आलं की आपल्या बोर्डाने वेस्ट इंडीजच्या बोर्डाकडे जवळपास ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागितली, म्हणजे तेव्हाचे अडीचशे कोटी रुपये. तेव्हा नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "मंग माले काय भेटनं?"

आता बघा, मॅचचं तिकीट आम्ही काढलेलंच नव्हतं, महिना आधी आपल्याकडे तिकिटं मिळतात कुठे, त्यामुळे रिफंड नाही. रेल्वेचं तिकीट कॅन्सल केलं त्यात कटौती गेली ती गेली. म्हणजे नुकसान झालेल्यांच्या कुठल्याच यादीत आमचं नाव नाही. टीव्हीवाला, स्पॉन्सर, बोर्ड सगळ्यांकडे करार असतो, प्रेक्षकाकडे फक्त हौस असते. बदल्यात श्रीलंकेला बोलावलं, ६ नोव्हेंबरला मोटेऱ्याला वनडे पण झाली, रायुडूने शतक ठोकलं, पण नानांना पांढऱ्या कपड्यातली वेस्ट इंडीज बघायची होती. पुढच्या आठवड्यात ईडनवर रोहितने २६४ मारले आणि सगळा देश वेस्ट इंडीजला विसरला, खरं सांगायचं तर मी पण विसरलो.

अमेरिकेत १९९४ ला बेसबॉलचा संप झाला. मालकांना पगारावर मर्यादा आणायची होती, खेळाडू ऐकेनात, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनलच, रद्द झाली. मॉन्ट्रियलची टीम ७४ जिंकून ४० हरलेली, सगळ्यांच्या पुढे, आणि सीझन तिथेच थांबला. पुढे दहा वर्षांनी ती टीमच शहरातून उचलून वॉशिंग्टनला नेली. पण तिथल्या खेळाडूंनी निदान २८ जुलैलाच सांगून टाकलेलं की १२ ऑगस्टपासून संप. दोन आठवडे आधी! आणि परत खेळ सुरू झाला तेव्हा मॅचमागे साधारण पाचातला एक प्रेक्षक आलाच नाही.

आपल्याकडे २०२१-२२ ला एसटीचा संप पाच महिन्यांवर चालला तेव्हा खेड्यावरच्या कॉलेजच्या पोरापोरींनी काळीपिवळीला लटकून दिवस काढले. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरातच कोणी ना कोणी कंडक्टर ड्रायव्हर होतं, त्यामुळे संपाला कोणी वाईट म्हणालं नाही. पण पास काढलेल्या पोराला कोणी चर्चेला बोलावलं पण नाही. मॅच बघणाऱ्याचं तसंच आहे (अर्थात मॅच नाही बघितली म्हणून कोणाची परीक्षा बुडत नाही, तेवढा फरक आहे).

माझं म्हणणं एवढंच, खेळाडूंनी जरूर भांडावं. पण दौरा मोडल्यावर एक बोर्ड दुसऱ्याकडून कोटींची भरपाई मागतं तेव्हा त्यात प्रेक्षकाच्या नावाने एक खातं असू द्या, पुढच्या मॅचचं तिकीट आधी त्याला द्या, आणि भांडण पेटतंय हे दौरा सुरू व्हायच्या आधी जाहीर करा, म्हणजे माणूस रिझर्वेशन तरी विचार करून करेल.

वेस्ट इंडीज २०१८ ला आले तेव्हा टेस्ट राजकोट आणि हैदराबादला. तोवर मोटेऱ्याचं जुनं स्टेडियम पाडलेलं होतं. अहमदाबादला ते टेस्ट खेळले ते थेट २०२५ च्या ऑक्टोबरात, नव्या स्टेडियमवर, आणि तिसऱ्या दिवशीच मॅच संपली. नानांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, त्यांनी घरीच टीव्हीवर बघितली. लंचला मला हाक मारून विचारलं, ते रिझर्वेशनचे पैसे किती कापले होते रे?

आपला,
एक वाचक, अमळनेर