आरोग्यमंत्री साहेब, आधी दहा वायल, मग रेफर

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मी गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स आहे, कंत्राटी, नऊ वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही, का ते तुम्ही समजून घ्याल. जून लागला की आमच्याकडे साप चावलेले पेशंट सुरू होतात ते धानकापणी होईपर्यंत.

मागच्या पावसाळ्यात पहाटे साडेचारला एक नऊ-दहा वर्षांची पोरगी आणली, खाटेला बांबू बांधून चौघांनी खांद्यावर, नाल्याला कमरेएवढं पाणी होतं त्यातून. आई माडियात सांगत होती आणि आशाताई मराठीत करून देत होती, की रात्रीपासून पोट दुखतंय, बाकी काही नाही. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. कुठे झोपली होती विचारलं तर जमिनीवर. मी तिला म्हटलं वर बघ, तर पापण्या अर्ध्यावरच अडकलेल्या. मण्यार! ती चावल्याचं झोपेत कळतसुद्धा नाही, लोक पोटदुखी समजून उजाडायची वाट बघतात आणि तोवर श्वास जायला लागतो.

साहेब, सापाच्या विषावरची लस होती. हे मुद्दाम सांगते, कारण सापाचा विषय निघाला की वरून उत्तर एकच, साठा पुरेसा आहे. असतोच. पावडरची वायल, म्हणजे छोटी बाटली असते, लाइट चार दिवस गेली तरी टिकते. नव्हती ती लस टोचायची हिंमत. आमचे डॉक्टर नुकतेच एमबीबीएस होऊन सरकारी सेवेच्या बॉन्डवर आलेले, म्हणाले सिस्टर, रेफर करू. पोरगा वाईट नाही हो, घाबरला होता. लसीची रिअॅक्शन येऊन पेशंट त्याच्या हातात गेला तर नातेवाईक, नोटीस, चौकशी सगळं त्याच्यावर, आणि तोच पेशंट अँब्युलन्समध्ये रस्त्यात गेला तर कोणी काही विचारत नाही. मोठं हॉस्पिटल सत्तर किलोमीटर, मधला पूल पाण्याखाली. मी म्हटलं सर, ही पोचणार नाही.

मग रिअॅक्शन आलीच तर द्यायला अॅड्रेनलिन आधी भरून ठेवलं आणि बसलो वायल विरघळवत. जोरात हलवली की फेस येतो, हळूहळू फिरवावी लागते, अशा दहा, आणि लहान मूल म्हणून कमी नाही, कारण साप लहान बघून विष कमी सोडत नाही. पण मण्यारीत लस गेली म्हणून बंद पडलेला श्वास लगेच येत नसतो. पाचच्या सुमारास थांबलाच. नंतर साडेनऊपर्यंत अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबली, मी, शिपाईभाऊ, ड्रायव्हर, आळीपाळीने, डॉक्टरांची बोटं वळली शेवटी. पाणी उतरल्यावर तशीच बॅग दाबत नेली. वाचली. आता शाळेत जाते.

परडचं (तुमच्याकडे घोणस म्हणतात) वेगळं, तिथे रक्त गोठत नाही. टेस्ट सोपी आहे, दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग आडवी करून बघायचं. मला सप्लाय आला प्लास्टिकच्या ट्यूबचा. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही नीट गोठत नाही, मग टेस्ट कसली करणार! काचेच्या मी माझ्या पैशाने आणल्या, बिल मागू नका, हरवलं.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगितलं की प्रत्येक केस कळवायची. कळवू की. पण मला एक कागद हवाय, तुमच्या सहीचा. विषाची लक्षणं दिसली की पहिल्या दहा वायल पीएचसीतच द्यायच्या आणि मगच रेफर, आणि प्रोटोकॉलने दिलेल्या लसीची रिअॅक्शन आली म्हणून डॉक्टरला नोटीस निघणार नाही. सोबत अँबू बॅगचं एक दिवसाचं ट्रेनिंग, त्यात शिपाई आणि ड्रायव्हर धरून. आमच्या गावचा पुजारीसुद्धा आता झाडपाला बाजूला ठेवून आधी आमच्याकडे पाठवतो, त्याला जमलं ते आपल्या खात्याला जमायला हवं.

जूनच्या आत निघाला तर बरं होईल. डॉक्टरांचा बॉन्ड मेमध्ये संपतोय, नवीन येतील ते पहिल्याच रात्री मला परत विचारतील, सिस्टर, रेफर करू का?

आपली,
एक कंत्राटी सिस्टर