आवाजाचीही समीक्षा हवी

संपादक महाशय,

ऑडिओबुकांचा विषय निघाला की दोन टोकांची मते हमखास ऐकू येतात. 'वाचणाऱ्याने जीव ओतलाय' आणि 'वाचणाऱ्याने पुस्तकाची पार वाट लावली', तीही एकाच पुस्तकाबद्दल. मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. सहा वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची, झीज झाली आणि छापील ओळीचा नेमका मधला भाग दिसेनासा झाला. तेव्हापासून माझे सगळे वाचन कानांनीच होते. हे पत्रही मी सांगून लिहून घेतले आहे.

माझ्या जावेने आणि मी एकच कादंबरी ऐकली. ती हातातली कामे उरकताना दीडपट वेगाने ऐकते. मी रात्री दिवा मालवून, मूळ वेगाने. तिला वाचणारी रटाळ वाटली, मला संयत. मग मी जावेचा वेग लावून पाहिला. मुलगा दारात येऊन गप्प उभा राहतो, त्या जागी वाचणारीने घेतलेला थांबा आखडून गेला होता. उरले ते सपाट वाचन. जाऊ उगीच नावे ठेवत नव्हती, आणि वाचणारीचाही दोष नव्हता.

हा वाद तसा जुनाच. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास अंधांसाठी तबकड्यांवर बोलकी पुस्तके निघू लागली, तेव्हा एका बाजूवर जेमतेम पंधरा मिनिटांचे वाचन मावत असे. नाट्यमय वाचन हवे की साधे, याबद्दल तेव्हाच्या ऐकणाऱ्यांतही दुमत होतेच. मी साध्या वाचनाच्या बाजूची. एखादा पुरुष स्त्रीपात्रांसाठी आवाज बारीक करतो, तेव्हा मला ते पात्र दिसायचेच थांबते. म्हातारी आली की आवाज थरथरलाच पाहिजे, असेही अनेकांना वाटते. मी ६७ वर्षांची आहे, माझा आवाज थरथरत नाही. ज्यांना अभिनय आवडतो त्यांनी तो जरूर ऐकावा, पण माझ्या मनातली माणसे मला घडवू द्यावीत.

मात्र सगळेच आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही. काही चुका या चुकाच असतात. वाक्याच्या भलत्याच जागी घेतलेला श्वास, दुरुस्ती म्हणून नंतर जोडलेले आणि दुसऱ्याच खोलीतून आल्यासारखे वाटणारे वाक्य, पहिल्या प्रकरणात एक आणि सातव्यात दुसराच उच्चार झालेले नाव. यंत्राच्या आवाजात तर अर्थच बदलतो. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला 'ज' आपण वेगवेगळा उच्चारतो. कागदावर तो फरक दिसत नाही. मी ऐकलेल्या एका पुस्तकात आजारी मुलाला आई विनवते, 'तू जग.' यंत्राने तिथे दुनियेचा 'ज' लावला. त्या पानावर माझे रडू येता येता थांबले, आणि ते मला अजून सलते. छापील पुस्तकाला मुद्रितशोधक लागतो, तसा ध्वनिमुद्रणालाही मूळ मजकूर समोर धरून ऐकणारा एक जाणता कान लागतोच.

प्रकाशकांना एक विनंती. नमुना म्हणून पुस्तकाची पहिली मिनिटे ऐकवतात. सुरुवातीला बहुधा वर्णन असते, ते बहुतेक जण नेटके वाचतात. त्याऐवजी मधला, तीन-चार माणसे बोलत असलेला प्रसंग ऐकवा. आवाज माणसाचा की यंत्राचा, आणि पुस्तक पूर्ण की संक्षिप्त, हेही आधीच सांगा.

आणि आपण पुस्तक परीक्षणे छापता, त्यांत ऑडिओबुक निघाले असल्यास वाचणाऱ्याचे नाव आणि वाचनाबद्दल चार ओळी जरूर द्याव्यात. घेण्याआधी पाने चाळून पाहणे आता मला शक्य नाही.

— एक निवृत्त मुद्रितशोधक