लाडवांचा डबा

चि. सौ. चिमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा 'आई, आता पुरे' म्हणून तू फोन ठेवलास. दिवसभर मी गप्प होते, तेव्हा तुझे बाबाच म्हणाले, लिही की तिला. मोबाइलवर एवढं टाइप करायला बसले की माझी बोटं चुकतात, म्हणून हा कागद. त्या काळ्या तिळाच्या लाडवांविषयी एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

बाळ कसा आहे? दिवसाला सहा-सात लंगोट ओले करतो ना? (तुझ्या त्या डायपरात ते कळतं का कोण जाणे.) तेवढे होत असतील आणि वजन चढत असेल तर दूध पुरतंय, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हो, विचारायला गेले होते. रागावू नकोस, तुझं नाव नाही काढलं. त्यांनी ओळखलं, ती गोष्ट वेगळी.

त्या म्हणाल्या, तिळाने दूध वाढतं असं छातीठोक सांगता येत नाही. बाळ ओढेल तसं दूध येतं. म्हणजे तुझंच खरं निघालं. मोठा चमचाभर काळ्या तिळात नव्वदेक मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेही सालीमुळे सगळं अंगी लागत नाही, आणि अंगावर पाजणारीला रोज १२०० लागतं. तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने सोडू नकोस, आणि लोहाची गोळी त्यांच्याबरोबर एकाच वेळी घेऊ नकोस. मी विचारलं, मग तीळ खायचे तरी कशाला? हसल्या. म्हणाल्या, खाऊ द्या, चांगलेच असतात, फक्त दुधाचा हिशेब त्यांच्यावर आणि लेकीवर मांडू नका. मी कधी मांडला?

मांडला असेन. 'लाडू खाल्लास का' हे आठ दिवसांत नऊ वेळा विचारलं मी. बाबांनी मोजलं.

तुझ्या सासूबाईंचंही चुकत नाही. तर्पणाला काळेच लागतात, संक्रांतीला आपण पांढरे घेतो, तेव्हा तान्ह्याच्या घरात काळे तीळ बघून त्यांना कसंसंच होणार. पण आपल्याकडचे वैद्य औषधाला काळेच सांगायचे. वाद घालू नकोस. त्या हळिवाचे लाडू करतात तेही खा. आणि जावईबापूंना सांग, ती कारळ्याची चटणी नव्हे. कारळं लांबट नि चकचकीत असतं, तीळ चपटा. डबा उघडून भाकरी शोधत होते म्हणे!

हे तीळ मी तीन पाण्यांनी धुतले, तळाशी बसलेले खडे बाजूला काढले, पंचावर दोन दिवस वाळवले. आजीच्या लोखंडी कढईत मंद आचेवर, वर झाकण धरून भाजले, तरी चार तडतडून गॅसमागे गेलेच. कूट केला, कारण आख्खा तीळ नीट चावला नाही तर तसाच बाहेर पडतो. गूळ, खोबरं, चिमूटभर सुंठ. दिवसाला एकच पुरे. बाळाच्या अंगावर पुरळबिरळ दिसलं तर थांबव आणि डॉक्टरांना दाखव.

बघ, लिहायचं नव्हतं ना.

चिमे, एक तुला कधी सांगितलं नाही. १९९४ च्या पावसाळ्यात तू झालीस, तेव्हा तीन दिवस मला दूधच नव्हतं. बायका येऊन बघून जायच्या. दाराशी उभं राहून कुणीतरी म्हणालं, हिच्या अंगीच नाही. तुला वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मोठ्या काकूंनी पदराखाली लपवून काळ्या तिळाचे लाडू आणले. चौथ्या दिवशी पान्हा फुटला. परवा डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, पुष्कळ जणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतं, लाडू नसते खाल्ले तरी आलं असतं. एवढी वर्षं मी ते लाडवांच्याच नावावर ठेवलं होतं. रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्याने पाणी दिलं.

म्हणून मी विचारत राहते. दुधाचं नाही गं. तू भिंतीकडे तोंड करून पडतेस का, ते. रात्री तीनला तू ऑनलाइन दिसतेस. मी जागी असते म्हणून दिसतेस. परवा तुझा आवाज बसला होता, सर्दी म्हणालीस. तशी तू माझ्यापेक्षा खमकी आहेस, ऑफिसातली पंधरा माणसं हाताखाली घेऊन चालतेस, मी सगळीकडे सांगत असते. पण उगीच रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर जावयांना सांग, डॉक्टरांना सांग. मला नाही सांगितलंस तरी चालेल. सांगितलंस तर बरं.

आणि दुपारचं पोटभर जेव. गरम असतानाच.

शनिवारी बाबा येताहेत. त्यांच्याकडे स्टीलचा डबा परत दे, पापडांना लागतो. लाडू तसेच असले तरी दे. मी उघडून बघणार नाही.

तुझी,
आई